राणीच्या बागेतील पक्षी

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. ती १८६२ साली सुरू झाली. एका सकाळी मी मुलांना तेथे पक्षी मोजायला नेले. पिंजऱ्यातील पक्षी मोजायचे नव्हते. वहीत कावळा, घार, साळुंकी, पोपट, दयाळ ही नावे आली. "टुक टुक" आवाज आला. वाळलेल्या फांदीवर तांबट दिसला. तो अशाच फांदीत चोचीने भोक पाडून घर करतो.

एका मुलाने न दिसलेला धनेशही लिहिला.

"सर, यादी मोठी होईल ना?"

"बेटा, आज खोटे नाव लिहिले, तर उद्या तो पक्षी खरोखर आला की गेला, हे कसे कळेल?"

त्याने ते नाव स्वतः खोडले. म्हणाला, "पुढच्या महिन्यात याच वेळी, याच वाटेने पुन्हा मोजू."