विंकोबँकचे वस्ताद

मुलांनो,

मागे वर्गात 'तालीम' हा शब्द आला, तेव्हा दोन उत्तरे मिळाली होती. एकीने सांगितले, "नाटकाची प्रॅक्टिस." ज्याचे आजोबा कोल्हापूरला असतात तो म्हणाला, "नाही, कुस्तीची जागा." दोघांचेही बरोबर! हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत आल्यावर तो आखाड्यातही गेला आणि रंगभूमीवरही. तालमीत शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे फारसीतला 'उस्ताद', आणि त्याचा लाडका शिष्य तो पठ्ठा.

आज एका वस्तादांची गोष्ट सांगते. त्यांच्या तालमीत लाल माती नव्हती. ती इथेच, इंग्लंडमध्ये, शेफील्डच्या विंकोबँक या वस्तीत, सेंट थॉमस चर्चच्या सभागृहात होती. त्यांचे नाव ब्रेंडन इंगल. (पालकांपैकी कोणी म्हणेल, मराठीच्या वर्गात ठोसाठोशी कशाला? जरा धीर धरा.)

घरातले काटे-चमचे उलटे करून पाहा, एखाद्यावर 'शेफील्ड' असे कोरलेले सापडेल. हे पोलादाचे शहर. इंगल यांचा जन्म 1940 साली डब्लिनचा. 1958 मध्ये, अठराव्या वर्षी, ते पोटासाठी शेफील्डला आले आणि पोलादाच्या कामाला लागले. म्हणजे तुमच्या आईबाबांसारखेच परगावाहून, परदेशातून आलेले. ते स्वतः व्यावसायिक मुष्टियोद्धे होते, पण फार मोठे नाव झाले नाही. वस्तीतली मुले रिकामी भटकत, भांडणे करत. चर्चच्या धर्मगुरूंनी इंगल यांना गळ घातली, "या पोरांसाठी काहीतरी करा." आधी नाचाचा कार्यक्रम सुरू झाला, मग त्याच सभागृहात बॉक्सिंग.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. सभागृहाच्या जमिनीवर रेघा आखलेल्या होत्या. मुलांनी त्या रेघांवरून पावले टाकत जायचे; कधी डावा पाय पुढे, कधी उजवा. ठोसा मारणे नंतर, आधी पाय. सरावाच्या लढतीत डोक्यावर मारायला बंदी. खांद्याच्या खाली आणि कमरेच्या वर, एवढ्याच जागेत ठोसा. त्यामुळे दहा वर्षांचे पोर मोठ्या विजेत्याबरोबरही सराव करू शके, आणि घरी धडधाकट परत जाई. इंगल यांचे सगळे शास्त्र एका वाक्यात सांगायचे तर, मार खाऊ नका. त्यांचा एक पठ्ठा हेरॉल ग्रॅहम कामगारांच्या क्लबांत जाऊन दोन्ही हात पाठीमागे ठेवून उभा राही आणि लोकांना सांगे, मला मारून दाखवा. भले भले दमून जात, पण ठोसा लागत नसे. हे शास्त्र प्रत्येक वेळी तारत असे असे नाही. नोव्हेंबर 1990 मध्ये स्पेनला जागतिक विजेतेपदाच्या लढतीत हाच ग्रॅहम चौथ्या फेरीत ज्युलियन जॅक्सनच्या एका ठोशाने खाली कोसळला. ते पद त्याला कधीच मिळाले नाही.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. इंगल आपल्या मुलांना सगळ्यांसमोर उभे करून बडबडगीते म्हणायला लावत! अंगापिंडाने दांडगे गडी, आणि म्हणायचे काय, तर लहान मुलांची गाणी. लोक हसले तर हसू देत. सभाधीटपणा असा येतो. म्हणजे एकाच सभागृहात कुस्तीची तालीम आणि नाटकाची तालीम, शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र! गणेशोत्सवात स्टेजवर जायची वेळ आली की पोट दुखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. (नावे सांगत नाही.)

त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य नसीम हमीद. त्याचे आईवडील येमेनहून आलेले. तालमीजवळच वडिलांचे दुकान होते. इंगल सांगत, की बसच्या खिडकीतून त्यांना शाळेच्या आवारात तीन मुलांशी एकटा झुंजणारा एक चिमुकला दिसला, तोच हा. नसीम तेव्हा सात वर्षांचा. त्या घरची भाषा अरबी, तेव्हा 'तालीम' हा शब्द आपण त्याला सांगितला असता तर तो लगेच ओळखला असता. 30 सप्टेंबर 1995 रोजी कार्डिफला स्टीव्ह रॉबिन्सनला हरवून तो विश्वविजेता झाला.

पण याच जोडीचे पुढे फाटले. पैशांवरून आणि श्रेयावरून कुरबुरी वाढल्या आणि 1998 मध्ये दोघे वेगळे झाले. सात वर्षांच्या पोराला हाताशी धरून विश्वविजेता केला, आणि ते नाते पुन्हा पहिल्यासारखे जुळले नाही. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो, म्हणजे शिष्य उलटला तर उपयोगी पडावा. इंगल यांनी राखून ठेवला असता तरी काय झाले असते? हे भांडण रिंगमधले नव्हतेच. चूक कोणाची, हे मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा.

मला स्वतःला जॉनी नेल्सन जास्त जवळचा वाटतो. हा पहिल्या तीनही व्यावसायिक लढती हरला. भीती वाटायची, हे तो स्वतःच मोकळेपणी सांगतो. जानेवारी 1990 मध्ये शेफील्डलाच, घरच्या लोकांसमोर, जागतिक विजेतेपदाची लढत इतकी बिचकत खेळला की प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या एखाद्याने "जा बाबा, दुसरे काहीतरी कर" म्हणून वाटेला लावले असते. इंगल यांनी लावले नाही. तालमीचा दरवाजा उघडाच राहिला. मार्च 1999 मध्ये नेल्सन विश्वविजेता झाला आणि पुढे ते पद त्याने तेरा वेळा राखले. नसीमची गुणवत्ता बसमधूनही दिसली. नेल्सनची दिसायला बरीच वर्षे थांबावे लागले.

इंगल यांना 1998 मध्ये एमबीई हा सन्मान मिळाला. 25 मे 2018 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, ते वारले. तालीम त्यांच्या मुलाने पुढे चालवली.

शब्दार्थ: गळ घालणे – आग्रहाने विनंती करणे. हुर्यो उडवणे – ओरडून टिंगल करणे. कुरबुर – लहानसहान तक्रार. सभाधीटपणा – लोकांसमोर न घाबरता बोलण्याचा गुण.

गृहपाठ: 'तालीम' हा शब्द दोन अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा. तुम्ही नसीम असता तर भांडणानंतर आपल्या वस्तादांना कसे पत्र लिहिले असते? दहा ओळी पुरेत. मायना बरोबर हवा. आणि पुढच्या शनिवारी प्रत्येकाने पुढे येऊन एक बडबडगीत म्हणायचे आहे. पालकांनीसुद्धा.