नदीच्या गाळाची साक्ष

ओंजळींतल्या पाण्यांतून तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसल्या, म्हणजे तें पाणी निर्मळ आहे असें आपण समजतों. परंतु डोळ्यांची ही साक्ष पुरेशी नसते, हें अमेरिकेंतील हडसन नदीच्या इतिहासावरून दिसून येईल.

न्यूयॉर्क राज्यांत या नदीच्या कांठीं विजेचे कपॅसिटर बनविणारे दोन कारखाने होते. १९४७ पासून १९७७ पर्यंत त्यांतून 'पी. सी. बी.' नांवाचीं तेलकट सेंद्रिय द्रव्यें नदींत गेलीं. हीं पाण्यांत फारच थोडीं विरघळतात. तळच्या गाळाला मात्र चिकटून राहतात, व वर्षानुवर्षें नाश पावत नाहींत. गाळांतून तीं किड्यांत, किड्यांतून माशांत, व माशांतून मनुष्याच्या शरीरांत शिरून चरबींत सांठतात. त्यांच्यामुळें कर्करोग होऊं शकतो. म्हणून १९७६ सालीं नदीच्या वरच्या भागांतील मासेमारी सरकारनें बंद केली.

हें अदृश्य विष मोजावयाचें कसें? तळांत नळी खोंचून गाळाचा उभा नमुना काढतात. गाळ ढवळला गेला नसेल, तर खालचा थर जुना व वरचा नवा. त्यावरून विष केव्हां आलें याचा अंदाज होतो. गाळ वाळवून त्यांतील विष योग्य द्रावकांत उतरवितात. तो अर्क स्वच्छ करून गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राच्या केसासारख्या बारीक नळींतून वायूबरोबर सोडतात. निरनिराळीं द्रव्यें निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात, व टोकाचा शोधक त्यांचें प्रमाण नोंदवितो. असा एक अतिसूक्ष्मग्राही शोधक जेम्स लव्हलॉक यांनीं १९५७ सालीं तयार केला. नदीच्या पाण्यांतील विष तर एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग कल्पून त्या मापानें मोजावें लागतें.

मोजणारा प्रथम स्वतःचीच परीक्षा घेतो. नमुन्यांत तो एक सदृश द्रव्य ठराविक प्रमाणांत मिसळतो, व शेवटीं तें कितपत परत मिळालें हें पाहतो. निर्विष नमुनाही त्याच रीतीनें तपासतो. त्यांत विष आढळलें, तर दोष नदीचा नव्हे, भांड्यांचा!

अशा मोजणीवरूनच कोठला गाळ काढावयाचा हें ठरलें. २००९ पासून २०१५ पर्यंत सुमारें २१ लक्ष घनमीटर गाळ उपसला गेला. तरीही त्या भागांतील मासे खाऊं नयेत, असा आरोग्यखात्याचा इशारा आजही आहे. नदींत कांहीं टाकणें क्षणाचें काम. तें परत काढण्यास पिढ्याही पुरत नाहींत. हें आपण सर्वांनीं लक्षांत ठेवावें.