नदीवर पूल कसा असावा?

नदीवर नवा पूल बांधावयाचा म्हटला की त्याचे देखणे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अभियंता मात्र चित्र काढण्यापूर्वी नदीची चौकशी करतो. तळाखाली खडक किती खोल आहे? पुराचे पाणी कोठवर चढते? पात्रातून नौका जातात काय? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच पुलाचा आराखडा ठरतो. गोमंतकातील मांडवी नदीचे उदाहरण घेऊन हे आपण समजून घेऊ.

प्रथम पुलांचे मुख्य प्रकार पाहू. दोन खांबांमधील अंतरास गाळा म्हणतात. गाळ्यावर तुळई टाकली की झाला सर्वांत साधा पूल. भार येताच तुळई किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. दर मीटरवरील भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर तिला वाकविणारा जोर चौपट होतो! म्हणून मोठ्या गाळ्यास साधी तुळई परवडत नाही. कमानीत मुख्यतः दाबच असतो. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. म्हणून दगडी पूल कमानींचे असतात. परंतु कमान दोन्ही बाजूंस रेटा देते, व तो पेलण्यास टेकू भक्कम हवेत. तिसऱ्या प्रकारात रस्ता पोलादी दोरांनी तोलून धरलेला असतो. पोलाद ताण सोसण्यात निष्णात असल्यामुळे अशा पुलांचे गाळे पुष्कळ मोठे करता येतात.

खर्चाचाही विचार हवाच. गाळे लहान ठेवले तर खांब वाढतात. गाळे मोठे केले तर वरचे बांधकाम महागते. एका गाळ्याचा खर्च साधारणतः एका खांबाइतका आला म्हणजे पूल किफायतशीर होतो, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. खोल पाण्यात पाया महाग, म्हणून तेथे गाळे मोठे. उथळ जागी गाळे लहान.

आता मांडवीकडे वळू. पणजी व रायबंदर यांच्यामध्ये, नदीकाठच्या दलदलीतून, पोर्तुगीज अमदानीत १६३३-३४ च्या सुमारास सुमारे ३ किलोमीटर लांबीचा दगडी मार्ग बांधला गेला. त्याला ठिकठिकाणी कमानी आहेत. तेथे जहाजांना वाट देण्याचा प्रश्न नव्हता. म्हणून सखल मार्ग व लहान कमानी पुरल्या. प्रत्यक्ष नदी ओलांडणे ही मात्र निराळी गोष्ट. येथे भरती-ओहोटीचे खारे पाणी, रुंद पात्र, आणि लोहखनिजाच्या बार्जींची दीर्घकाळची वाहतूक! पूल उंच हवा, गाळेही मोठे हवेत.

त्यासाठी १९७० च्या सुमारास पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल उभा राहिला. काँक्रीटमध्ये पोलादी तारा ओढून ताणून ठेवल्या, की काँक्रीट आधीच दाबले जाते. मग नेहमीचा भार आला तरी त्यात ताण फारसा उत्पन्न होत नाही. युक्ती नामी खरी. परंतु सर्व मदार त्या तारांवर. ५ जुलै १९८६ रोजी हा पूल कोसळला. पोलादी तारा गंजणे हे त्याचे प्रमुख कारण ठरले. तारा काँक्रीटच्या पोटात दडलेल्या होत्या. त्यांची झीज वरून कोणास दिसणार? पूल गेल्यावर पणजी व पर्वरी यांमधील लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला.

पुढे १९९० च्या दशकात तेथे दोन समांतर पूल झाले. जानेवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या तिसऱ्या पुलास, अटल सेतूस, तारांच्या आधाराची पद्धती निवडण्यात आली. जोडमार्ग धरून तो सुमारे ५.१ किलोमीटर लांब आहे. त्याचे तिरपे दोर रस्त्याच्या वर उघड्यावर दिसतात. उघड्या दोरांची तपासणी करणे सोपे, आणि प्रसंगी दोर बदलताही येतो. अर्थात समुद्राची खारी हवा तेथेही आहेच. तेव्हा निगा राखण्यातून कोणत्याही पुलाची सुटका नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. "कोणता पूल सर्वांत चांगला?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या नदीवर, कोणत्या पायावर, कोणत्या रहदारीसाठी, असे विचारावे लागते. आणि शेवटी हेही विचारावे लागते, की पन्नास वर्षांनी याची तपासणी करणारा माणूस त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागापर्यंत पोहोचू शकेल काय? हा शेवटचा प्रश्न आराखडा करतानाच विचारला पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावच्या पुलाचे गाळे एकदा मोजा, तो कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा, आणि तो तसाच का बांधला असावा याचा शोध घ्या.