अभ्यासपाठ : संकटानंतर मुलांच्या आणि गुरुजींच्या मनाची काळजी



आपल्यापैकी पुष्कळ जण वसतिगृहातल्या मुलांसाठी वह्या, दप्तरे, ब्लँकेटे पाठवतात. काही जण नाताळाच्या आधी प्रत्यक्ष भेटीलाही येतात. यावेळी पाठासाठी घेतलेल्या विषयाची पावती फाडता येत नाही. मोठे संकट येऊन गेल्यावर मुलाच्या मनाचे काय होते, त्याला शिकवणाऱ्याच्या मनाचे काय होते, आणि आपण भेटायला गेलो की काय करावे, काय करू नये. या शेवटच्या गोष्टीत मी स्वतः चुकले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२०२१ सालचा ऑक्टोबर. ४ तारखेपासून राज्यात ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले आणि नंदुरबार जिल्ह्यात आमच्याकडच्या आश्रमशाळांतही मुले परत येऊ लागली. जवळजवळ दीड वर्षाने. मधल्या काळात मार्च २०२० ची टाळेबंदी झाली, काही मुले आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आली, काहींची अक्षरे विसरली, आणि दुसरी लाट पाड्यांपर्यंत आली. सहावीतला एक मुलगा परतला तो वडील गमावून. पत्र्याची पेटी घेऊन व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहिला, कोणाशी बोलेना.

मी समाजकार्य शिकलेली, ईश्वरज्ञानाचा डिप्लोमा केलेली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “रडू नको बाळा. चांगली माणसं देव लवकर बोलावून घेतो.” तो रडत नव्हताच. मग मी डोळे मिटून प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा तो आत निघून गेला होता. रात्रीच्या हजेरीला मुलगा नाही! पहाटेपर्यंत अधीक्षक, दोन गुरुजी आणि मी टॉर्च घेऊन शोधत होतो. सापडला तो घरी, घाटरस्त्याने चौदा किलोमीटर चालून गेलेला. त्याच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले, “ताई, तो विचारतोय, बाबा वाईट असते तर राहिले असते का?”

त्या दिवसापासून ते वाक्य मी कोणालाही म्हटलेले नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ते फार सहज म्हटले जाते. “देवाची इच्छा”, “यातही त्याची योजना आहे”, “आता तूच घरचा कर्ता.” मोठ्या माणसाला यातून कधी आधार मिळतही असेल. लहान मूल मात्र शब्द जसेच्या तसे घेते आणि त्यातून आपला हिशेब मांडते.

पवित्र शास्त्रात ईयोबाच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात ते पाहा. सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर बसतात आणि कोणी एक शब्दही बोलत नाही, कारण त्याचे दुःख किती मोठे आहे हे त्यांना दिसते. पुढे ते बोलू लागतात, कारणे सांगू लागतात, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावलेला दिसतो. माझ्या मते त्या मित्रांचे सगळ्यात चांगले काम त्या पहिल्या आठवड्यातच झाले. मी तर सात मिनिटेही थांबले नव्हते.

हेच आज मानसिक प्रथमोपचार या नावाने शिकवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याची एक साधी मार्गदर्शिका काढली. ती तयार करण्यात वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती संस्थेचाही हात होता. तिचा गाभा तीन शब्दांचा आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे मूल सुरक्षित आहे का, जेवले का, झोपले का, जास्त घाबरलेले कोण आहे. ऐका म्हणजे ते बोलेल तेवढेच आणि बोलेल तेव्हा. जोडून द्या म्हणजे घरच्यांशी, मित्रांशी, दवाखान्याशी, सरकारी योजनेशी त्याची गाठ घालून द्या. हे करायला डॉक्टर असावे लागत नाही. यात एक सूचना फार महत्त्वाची आहे : काय घडले ते सविस्तर सांग, असा आग्रह धरू नये. मन मोकळे झाले की हलके होईल, ही आपली समजूत. पण बळेच बोलायला लावले तर काहींना त्रास वाढतो.

आता आमच्या भेटींचा विचार करा. त्या नाताळाआधी तीन वेगवेगळे गट वसतिगृहात येऊन गेले. केळी, बिस्किटे, गाणी, सगळे छान. पण प्रत्येक गटातल्या कोणी ना कोणी त्या मुलाला जवळ घेऊन विचारले, “बाबा कसे गेले रे?” महिन्याभरात तीन वेळा त्याने अनोळखी माणसांना बापाचे मरण सांगितले. तिसऱ्या वेळी तर पाठ म्हटल्यासारखे सांगितले. प्रेमाने आलेल्या माणसांना हे लिहिताना मला जड जाते. पण न लिहून कसे चालेल? त्याच कारणाने या पाठात त्याचे नाव, गाव, फोटो काहीही नाही. साक्ष म्हणून मुलांच्या दुःखाची गोष्ट छापली की देणग्या वाढतात, हे मी वार्तापत्राच्या बैठकीत ऐकलेले आहे. आमच्या अंकात यापुढे तसे छापू नये असे मी समितीला कळवले आहे. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मग मूल बोलत नसेल तर कळायचे कसे? आश्रमशाळेतले मूल “मला उदास वाटते” असे म्हणत नाही. मावची, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतला हा शब्द परकाच आहे. ते म्हणते, पोट दुखते. डोके दुखते. आठ-नऊ वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. एखादे ताटातली भाकरी तशीच ठेवते, एखादे दुसऱ्याची भाकरी उशाखाली लपवते. शांत मुलगा मारामाऱ्या करतो. दांडगा मुलगा गप्प होतो. काही पळून जातात, आणि पळून जाण्याला आपण बेशिस्त म्हणून शिक्षा करतो. अंथरूण ओले करणाऱ्याला सकाळी सगळ्यांसमोर गोधडी वाळत घालायला लावणे ही तर क्रूरता आहे, आणि ती मी पाहिली आहे. संकटानंतर पहिल्या काही आठवड्यांत यातले थोडेफार बहुतेक मुलांत दिसते आणि नेहमीचे दिवस सुरू झाले की बऱ्याच जणांचे कमी होते. महिना उलटूनही कमी होत नसेल, वाढत असेल, किंवा जेवणखाण-झोप सुटली असेल, तर दवाखान्यात न्यावे.

नेहमीचे दिवस हे मोठे औषध आहे. ठरलेल्या वेळी घंटा, ठरलेल्या वेळी जेवण, संध्याकाळी कबड्डी. टाळेबंदीनंतर मुले आली तेव्हा अभ्यास बुडाला म्हणून खेळाचा तास काढून जादा गणित घेण्याचा विचार झाला होता. एका अनुभवी बाईंनी हट्ट करून तो तास वाचवला. मुलांच्या बोलीत बोलणारे एक तरी मोठे माणूस वसतिगृहात असावे. आमच्याकडे ते काम स्वयंपाकाच्या मावशींनी केले. तो सहावीतला मुलगा पहिल्यांदा बोलला तो मावशींशी, चुलीपुढे लाकडे सारताना. काय बोलला ते मी विचारले नाही. तोवर तेवढे शिकले होते.

घरी कोणी वारले तर मुलाला समाजाच्या रीतीप्रमाणे होणाऱ्या उत्तरकार्याला जाऊ द्यावे, परीक्षा असली तरी. आईने मुलाला भगताकडे नेले म्हणून तिला बोल लावू नये. काळजीपोटीच ती गेलेली असते, आणि तिला दुखावले की दवाखान्याच्या कामात तिची साथ मिळत नाही. आणखी एक, पैशाची काळजीही मनालाच लागते. एक पालक गेलेल्या मुलासाठीही महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. तिचे कागद करून द्यायला लिहितावाचता येणारा, तालुक्याला दोन खेपा घालायची तयारी असलेला एक माणूस लागतो. आपल्या तरुण संघात असे किती तरी आहेत.

आता गुरुजींकडे वळते. खरे म्हणजे त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणूनच हा पाठ लिहायला घेतला.

कोरोनाच्या काळात शिक्षकांनी काय काय केले ते आठवून पाहा. घरोघरी सर्वेक्षण केले, तपासणी नाक्यावर उभे राहिले, रेशन दुकानांवर कामे केली. जिथे मोबाईलला रेंज नाही अशा पाड्यांवर चालत जाऊन झाडाखाली मुले जमवली. आजाराच्या भीतीने काही पाड्यांवर त्यांना परतही पाठवले गेले. घरी परतताना, आपण म्हाताऱ्या आईला आजार देणार तर नाही ना, ही धास्ती. शाळा उघडल्यावर आम्ही सगळे विचारू लागलो, मुले कशी आहेत? मुलांचे वजन, मुलांची उंची, मुलांची अक्षरओळख.

एक गुरुजी वर्गात फार ओरडू लागले होते. पूर्वी तसे नव्हते. मुलांनी माझ्याकडे तक्रार केली आणि मी, खरे सांगते, त्यांना समज द्यायच्या तयारीने गेले. शाळा सुटल्यावर ते ओट्यावर एकटेच बसले होते. का कोण जाणे, मी समज देण्याऐवजी विचारले, “सर, तुम्ही चहा घेतला का?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, माझा भाऊ गेला त्याला सहा महिने झाले. तुम्ही पहिल्या, ज्यांनी माझं काही विचारलं.” भावाला आजार आपल्यामुळेच झाला असे ते धरून बसले होते. सर्वेक्षणाहून आल्यावर त्याच्याकडे जेवायला गेले होते म्हणून. रात्री झोप नाही, सकाळी हजेरी, संध्याकाळी वसतिगृहाची पाळी.

१ राजे, अध्याय १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडुपाखाली बसतो तो याच अवस्थेत. कालपर्यंत सगळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस आज मरण मागतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. तो झोपतो, दूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा भाकर. प्रश्न विचारला जातो तो पुढे होरेबात, आणि अध्याय संपण्याआधी त्याला अलीशासारखा सोबती मिळतो. झोप, जेवण, मग बोलणे, आणि कामाला जोडीदार. हा क्रम मला फार व्यवहारी वाटतो.

त्याच क्रमाने आम्ही काही गोष्टी केल्या. मुख्याध्यापकांनी त्या गुरुजींची रात्रीची पाळी दोन महिने बदलून दिली. शनिवारी दुपारी सगळ्या शिक्षकांचा आणि अधीक्षिकांचा एकत्र चहा सुरू झाला. अहवाल नाही, प्रोजेक्टर नाही, भजेही कधीकधीच. कोणाला बोलायचे असेल तर बोलावे. पहिले दोन शनिवार सगळे बदल्या आणि पगार यांवरच बोलले. चौथ्या शनिवारी एक बाई रडल्या. ते गुरुजी जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना भेटले. गोळ्या काही महिने चालल्या. “वेड्यांच्या डॉक्टरकडे” जातो हे कळू नये म्हणून पहिल्या वेळी ते पगाराच्या कामाला जातो असे सांगून गेले होते. मंडळीत कोणी अशा गोळ्या घेत असेल तर “विश्वास कमी पडला” असे म्हणणाऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तेच सांगून पाहावे.

कोणी, मूल असो वा शिक्षक, “आता जगून काय करायचे” असे बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नये. सरळ विचारावे, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार मनात भरतो ही भीती खोटी आहे. अशा माणसाला एकटे सोडू नये, घरच्यांना किंवा मुख्याध्यापकांना लगेच सांगावे आणि डॉक्टरकडे न्यावे. घरात, शाळेच्या शेतात फवारणीचे औषध असेल तर ते कुलपात ठेवावे. टेलिमानसची केंद्र सरकारची १४४१६ ही मोफत हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र आणि मराठीतही. मुलांसाठी १०९८ आहे. आमच्याकडे अडचण रेंजची. म्हणून हे दोन्ही क्रमांक आणि रेंज कुठल्या टेकडीवर मिळते ते भिंतीवर रंगवून घेतले आहे.

यंदाही जूनमध्ये शाळा उघडताना नवी मुले पहिलीत येतील, सहा वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडून. सुरुवातीच्या रात्री वसतिगृहात मावशींना मदतीला, फक्त जवळ बसायला आणि झोपवायला, चार-पाच जण हवे आहेत. बोली येत असेल तर उत्तम. शाळेची लेखी परवानगी आणि ओळखपत्र लागेल, ते आम्ही पाहू. भेटवस्तू आणू नयेत.

हा पाठ घरगुती प्रार्थनासभेत घेणार असाल तर ईयोब दोन आणि १ राजे एकोणीस वाचून घ्या. मग दोन मिनिटे शांत बसून प्रत्येकाने आठवावे, आपल्या दुःखात कोण न बोलता बसून राहिले होते. आपल्या मंडळीत शिक्षक किती आहेत ते मोजा, आणि या वर्षात त्यांच्यापैकी किती जणांना आपण शाळेचे सोडून दुसरे काही विचारले, तेही.