कंदाचा श्वास

आपण श्वास घेतो, तसा कंदही घेतो. हॉलंडात ट्यूलिप नावाचे फूल पिकवतात. त्याचे कंद उन्हाळ्यात खणून कोठारात ठेवतात. कंदाच्या पोटात पुढच्या सालची कळी असते. हळू श्वास घेत कंद आपली शिदोरी पुरवून खातो.

बुरशीने एखादा कंद सडला, की त्यातून इथिलीन वायू सुटतो. आंबा पिकवणारा तोच हा वायू. पण इथे तो घात करतो. १ कोटी भाग हवेत १ भाग झाला, की धोका सुरू. शेजारच्या कंदांचा श्वास वाढतो, शिदोरी लवकर सरते, कित्येकांची कळी आतच सुकते. वरून कंद धड दिसतो. फूल मात्र येत नाही. वर्षाची मेहनत जाते.

म्हणून तिथले शेतकरी सडके कंद वेचून काढतात, पंख्याने कोठारात वारा खेळवतात. आपणही अढीतला नासका आंबा वेळीच काढतो ना?