सही सावकाश कर

चि. सौ. बेबीस,


तू शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस, हे दादाकडून कळलं. पालकसभेत नाव पुढे आलं तेव्हा 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणून आढेवेढे घेतलेस म्हणे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून मी असे बरेच अध्यक्ष पाहिले. ज्यांना सगळं कळतं त्यांचा शाळेला फारसा उपयोग होत नाही. विचारणारं माणूस हवं.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 मध्ये ही समिती आहे. चारांत तीन सदस्य पालक, एकूणांत निम्म्या बायका, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहायचं. मुख्याध्यापक सदस्य-सचिव. म्हणजे इतिवृत्त ते लिहिणार आणि तुझ्यापुढे वही येणार, "ताई, इथं सही करा." कोऱ्या पानावर मुळीच करायची नाही. आधी वाचायचं, मजकुराखाली जागा उरली असेल तर तिथे तिरकी रेघ मारायची, मग सही. सर रागावतील असं वाटेल. सरळ माणूस रागावत नाही. उद्या तपासणी आली तर तीच वही त्याची पाठराखण करते.

मधल्या सुट्टीत अधूनमधून शाळेत जा. धाड घातल्यासारखी नको, आपली सहज. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ धरतात, सहावी ते आठवीला 150. फळ्यावर त्या दिवशीची हजेरी लिहिलेली असते. पाचवीपर्यंतची 38 मुलं असतील तर तांदूळ तीन किलो आठशे ग्रॅम. पातेल्यात तेवढा शिजलाय का, हे तुला कुठल्याही साहेबापेक्षा आधी कळेल. मग साठ्याच्या वहीत त्याच तारखेचा आकडा पाहा. घासभर चाखूनही बघ. मात्र भात कमी दिसला म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर लगेच घसरू नकोस. त्यांचं मानधन किती महिन्यांचं थकलंय, तेही विचार.

वर्गात कसं शिकवावं हे गुरुजींना सांगायला जाऊ नकोस. पण तिसरीतलं पोर धडा वाचतं का, एवढं विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. आणि गुरुजी वर्गाऐवजी माहित्या भरत बसलेले दिसले, तर त्यांच्याशी भांडण काढू नकोस. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकांना बाहेरची कामं लावू नयेत, असं हाच कायदा म्हणतो. पाचवीपर्यंतच्या शाळेत पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत. जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. मुख्याध्यापकाला जे वर बोलता येत नाही, ते पालकांना बोलता येतं.

बैठक महिन्याला व्हायला हवी. सकाळी अकराला ठेवली की रोजानं जाणाऱ्या बाया येत नाहीत. त्यांच्या सह्या मात्र घरोघर फिरून गोळा होतात. दिवेलागणीनंतर ठेव. बायकोच्या जागी येऊन बसणाऱ्या नवऱ्यांना चहा पाजून परत पाठव. जावईबापू भले आहेत, पण त्यांनाही. आणि जी बाई कोपऱ्यात गप्प बसते, तिचं मूल शाळेत किती दिवस आलं नाही, ते तिलाच विचार.

पंधरा ऑगस्टला नारळ फोडायला बोलावतील, फोटो काढतील. खुशाल जा, चांगली साडी नेसून जा.

तीन वर्षांचा आराखडा डिसेंबरअखेर तयार ठेव. प्रवेशद्वाराची कमान आणि भिंतींचे रंग सगळ्यांना आधी सुचतात. तू अगोदर मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बघ. कच्चा आराखडा झाला की मला दाखव. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, मला ते बारीक वाचवत नाही. झेरॉक्स काढून दादाजवळ दे, दिवाळीनंतर तो इकडे येणारच आहे.

तुझी,
आत्या