तुटकी सुई



आजचं वाचन ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेत अहिंसा आणि शौच हे दोन शब्द एकाच श्लोकात येतात. अहिंसेवर बोलताना माउली पाऊल कसं टाकावं इथपर्यंत जातात. शौच म्हणजे आतबाहेरची स्वच्छता. हे दोन वेगळे मुद्दे आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. गेल्या वर्षी आईच्या शिवणाच्या खोलीत ते एकत्र आले.

आमचं घर बारामतीत. तुकोबारायांची पालखी एक रात्र शारदा प्रांगणात विसावते, तेव्हा एका दिंडीतल्या आठ-दहा बायका आमच्याकडे मुक्कामाला असतात. झोपण्यासारखी मोठी खोली एकच, आईची. तिथे पायमशीन, कटिंगचं टेबल, पिको-फॉलच्या साड्या, गोधडीसाठी इंदापूरच्या आत्याने पाठवलेली जुनी लुगडी. मी पुण्याहून आदल्या दिवशी आलो आणि दोन तासांत खोली 'सेट' केली. सगळं खोक्यांत, खोकी माळ्यावर, झाडू मारला, सतरंजी अंथरली. स्टेटसला फोटोपण टाकला.

रात्री एका मावशींच्या तळपायात सुईचा तुकडा घुसला. मशीनची सुई, कधीतरी तुटलेली, टोकाकडचा भाग फरशीच्या सांध्यात राहिलेला. तुकडा निघाला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सकाळी मावशी चालायला लागल्या. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मी दरवर्षी बघायला जातो. त्या दिवशी तिकडे बघवेना. पुढे सणसर, निमगाव केतकी, आणि मग इंदापूरहून आत्याचा फोन, "अरे, पाय सुजलाय त्यांचा, पण थांबायला तयार नाहीत."

आणि आईची तऱ्हा वेगळीच. मी अस्तरं एकीकडे, ब्लाऊजपीस एकीकडे, मापाचे ब्लाऊज तिसरीकडे, असं रंगाप्रमाणे लावलं होतं. तिच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पिशवी असते, कापड, अस्तर, मापाचा ब्लाऊज, हुक, सगळं त्यातच. "आता हे अस्तर कुणाचं, तू सांग!" पंधरा दिवस ती जुळवत बसली. आपल्याला दिसायला नीट आणि काम करणाऱ्याच्या हाताला नीट, यातला फरक मला कोडमध्ये कळतो, घरात कळला नव्हता.

यंदा चार दिवस आधी गेलो आणि आईला विचारून विचारून केलं. पिशव्यांना हात लावला नाही, फक्त खुंट्यांवर टांगल्या. वर नाव आणि द्यायची तारीख. फरशी आधी झाडायची नाही, कारण झाडूने सुया सांध्यात जातात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलं. एकवीस टाचण्या आणि दोन सुया! पितळी टाचण्या चुंबकाला येत नाहीत, त्यासाठी अंधार करून टॉर्च जमिनीलगत धरला, त्या चमकतात. सतरंजी अंगणात झटकली.

मशीनमध्ये फुंकर मारू नका, तूस आत जातं. सुई काढून दात्यांवरची पट्टी उघडा, बॉबिन केस बाहेर घ्या, जुन्या टूथब्रशने झाडा, थेंबभर मशीनचं तेल द्या आणि आधी चिंधीवर चालवा, नाहीतर पहिला डाग कुणाच्या तरी ब्लाऊजवर. लुगडी उन्हात टाकून घडी घालण्याआधी चाचपली, त्यातही एक पिन होतीच.

एक नियम मात्र मी कारखान्यांकडून उचलला. एक्स्पोर्टचे कपडे शिवतात तिथे सुई तुटली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. आईने वही नाही केली, झाकणाची डबी केली. तुकडा पूर्ण जुळला तरच पुढचं काम.

त्या मावशी यंदाही आल्या. त्यांच्या झोळीचा बंद तुटला होता, आईने लगेच मशीनवर शिवून दिला. "गेल्या साली तुमच्या पोराने फार घाई केली हो," त्या हसत म्हणाल्या. मी चहा आणायला आत गेलो.

दिवा घालवण्याआधी आईने उशीतल्या सुया मोजल्या. अकरा. दुपारीही अकराच होत्या. मग म्हणाली, "आता टाक सतरंजी."